चकती आत, डिक्शनरी बाहेर

अमेरिकेत खासगी वैमानिकाचं लायसन्स काढायचं तर विमान उडवून दाखवण्याआधी एक लेखी परीक्षा पास व्हावी लागते. सरकारी कागदावर तिचं नाव 'नॉलेज टेस्ट', पण विमानतळावर सगळे तिला 'रिटन'च म्हणतात. ती कॉम्प्युटरवर द्यायची असते. ६० प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय, ७० टक्क्यांना पास, चुकीच्या उत्तराला वजा गुण नाहीत. मी २०२२ मध्ये न्यू जर्सीत ती दिली तेव्हा अडीच तासांचा वेळ होता. घरच्यांचं म्हणणं असं की, एवढंच ना? आयुष्यभर परीक्षा देत आलेल्या माणसाला तीन पर्यायांतून एक निवडायचं काय मोठंसं!

मला अभ्यासाची धास्ती नव्हतीच. मला डाचत होतं ते वेगळंच. विमान उडवायला शिकताना पहिल्या दिवसापासून एक गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगतात, की डोक्यावर विसंबू नकोस, कागद बघ. इंजिन सुरू करायचं तरी यादी वाचून. मांडीवर पट्ट्याने बांधलेली पाटी, त्यावर चेकलिस्ट, शेजारी विमानाचं हँडबुक, चार्ट, विमानतळांच्या माहितीचं पुस्तक, वर आयपॅड. एकदा मी चेकलिस्ट न उघडता पटापट सगळे खटके दाबले तेव्हा इन्स्ट्रक्टरने शांतपणे इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "आता वाचून कर." आणि तीच यंत्रणा लेखी परीक्षेच्या दारात म्हणते, सगळी पुस्तकं बाहेर ठेवा. माझ्याकडे नियमांचं जाडजूड पुस्तक होतं, एफएआर-एआयएम. त्याला मी रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या होत्या. त्या पुस्तकाचा परीक्षेत काडीचा उपयोग नव्हता.

मग आत न्यायला चालतं तरी काय? ज्याला विचारावं तो वेगळं सांगे. एक जण म्हणाला, साधा कॅल्क्युलेटर सोडून काहीच नाही. दुसरा म्हणाला, इलेक्ट्रॉनिक फ्लाइट कॉम्प्युटरसुद्धा चालतो, मी नेला होता. तिसऱ्याने सांगितलं की चकतीवर, म्हणजे उड्डाणाचे हिशेब करायच्या गोल साधनावर, काही छापलेलं असेल तर ते टेप लावून झाकावं लागतं. अशी ऐकीव माहिती गोळा करण्यात वेळ घालवू नये, एफएएने, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, स्वतः लिहिलेलं वाचावं, आणि ते वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत. मोजपट्टी, कोनमापक, प्लॉटर (नकाशावर अंतर आणि दिशा मोजायची पट्टी), नेव्हिगेशनची चकती, कोरा फ्लाइट लॉग (उड्डाणाचा तपशील भरायचा तक्ता) आणि परीक्षेशी थेट संबंध असलेला कॅल्क्युलेटर हे सगळं चालतं. कंपनीने वस्तूवर कायमचं छापलेलं किंवा कोरलेलं जे असेल, मग ते सूत्र असो, रूपांतराचा तक्ता असो की आणखी काही, तेही चालतं, झाकायची गरज नाही. आपण पेनाने-पेन्सिलीने लिहिलेलं चालत नाही. त्या वस्तूबरोबर आलेली माहितीपुस्तिका चालत नाही. इलेक्ट्रॉनिक यंत्राची मेमरी पुसता येत असली पाहिजे आणि पर्यवेक्षकाने सांगितलं तर ती पुसून दाखवायची. आणि डिक्शनरी नाही. ती वेगळी नाव घेऊन नाकारली आहे.

डिक्शनरीचं वाचून मी हसले. लायसन्सलाच अट आहे की इंग्रजी वाचता, बोलता, लिहिता, समजता आलं पाहिजे, त्यामुळे बंदी समजण्यासारखी आहे. पण ज्या शब्दांवर माणूस अडतो ते शब्द घरगुती डिक्शनरीत असतात कुठे? ढगांचं 'सीलिंग' कशाला धरायचं हे कुठलाही शब्दकोश नीट सांगणार नाही. निम्म्याहून जास्त आकाश झाकणारा सगळ्यात खालचा थर, म्हणजे 'ब्रोकन' किंवा 'ओव्हरकास्ट', हेच सीलिंग. 'स्कॅटर्ड' ढग कितीही खाली असले तरी ते सीलिंग नव्हे.

या बंदीमागे दातही आहेत. नियमावलीतलं ६१.३७ वाचलं की गंमत संपते. परवानगी नसलेलं साहित्य वापरलं, प्रश्न उतरवून बाहेर नेले किंवा दुसऱ्याला मदत केली, तर वर्षभर कुठल्याही लायसन्ससाठी अर्ज करता येत नाही, परीक्षेला बसता येत नाही, आणि आधीचं काही लायसन्स असेल तर तेही जाऊ शकतं. म्हणून परीक्षेत मला नेमके काय प्रश्न आले ते इथे लिहिणार नाही. पुढची उदाहरणं माझी आहेत किंवा एफएएने स्वतःच उघड ठेवलेल्या पुस्तिकेतली.

ही पुस्तिका म्हणजे या परीक्षेची किल्ली, आणि तिच्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. परीक्षेत तुमची पुस्तकं चालत नाहीत, पण तिथे एक पुस्तक तुमच्या हातात देतात. तिला 'सप्लिमेंट' म्हणतात. मी वापरली ती २०१८ची आवृत्ती. तिच्यात प्रश्न नाहीत, फक्त प्रश्नांना लागणारी चित्रं आहेत. नकाशांचे रंगीत तुकडे, हवामानाचे संदेश, टेक-ऑफ आणि लँडिंगच्या अंतराचे आलेख, वजन आणि समतोलाचे तक्ते. तीच पुस्तिका एफएएच्या साइटवर फुकट मिळते, जशीच्या तशी. म्हणजे परीक्षेच्या दिवशी टेबलावर जे पुस्तक असणार आहे ते महिनोन्‌महिने आधी तुमच्या घरी असू शकतं. ते मी पाठ्यपुस्तकासारखं वाचायला घेतलं, आणि मग या सगळ्या प्रकाराकडे बघायची नजर बदलली. भारतात जाताना आपण बॅगा भरतो, तेव्हा काय विमानात खांद्याला, काय चेक-इनमध्ये आणि काय तिकडेच मिळतं म्हणून घ्यायचंच नाही, हे आधी ठरवतो. तसं मी अभ्यासाचं केलं. तिथे छापील मिळणार आहे ते पाठ करायचं नाही. चकतीवर आहे ते पाठ करायचं नाही. उरेल ते डोक्यात.

बोलायला हे सोपं आहे. वाटणी करताना कळतं की आपण कितीतरी भलत्याच गोष्टी घोकत बसलो होतो. उदाहरण सांगते. प्रेशर अल्टिट्यूडचं, म्हणजे हवेच्या प्रमाण दाबाच्या हिशेबाने येणाऱ्या उंचीचं, सूत्र सगळे पाठ करतात. २९.९२ मधून अल्टिमीटर सेटिंग, म्हणजे उंचीमापकावर लावायचा त्या वेळच्या दाबाचा आकडा, वजा करा, हजाराने गुणा, विमानतळाच्या उंचीत मिळवा. सेटिंग ३०.४२ आणि उंची १००० फूट असेल तर उत्तर ५०० फूट. सूत्र चांगलं आहे, प्रत्यक्षात कामी येतं. पण सप्लिमेंटमध्ये डेन्सिटी अल्टिट्यूडचा (तापमानही धरून काढलेल्या उंचीचा) जो आलेख आहे त्याच्या कडेलाच प्रत्येक सेटिंगसमोर किती फूट मिळवायचे किंवा वजा करायचे याचा तक्ता छापलेला आहे. तो तक्ता मला सापडला तेव्हा मी ते सूत्र कितीदा तरी वहीत लिहून काढलेलं होतं. तसंच धावपट्टीला आडव्या येणाऱ्या वाऱ्याचं. साइन-कोसाइन काही नको, आलेख आहे, कोन आणि वेग धरून बोट खाली आणलं की झालं.

नकाशांचं प्रकरण जरा बारकाईने सांगण्यासारखं आहे. पुस्तिकेत सेक्शनल चार्टचे, म्हणजे वैमानिकांच्या नकाशांचे, ठरावीक तुकडे आहेत. आयडाहोतलं कोर डलेन आणि त्याच्या आजूबाजूचे सेंट मेरीज, प्रीस्ट रिव्हर, सँडपॉइंट; डॅलस-फोर्ट वर्थचा वर्तुळांनी गच्च भरलेला परिसर; सव्हाना; नॉर्थ डकोटातलं जेम्सटाउन. या गावांना मी कधी गेले नाही आणि बहुधा जाणारही नाही, पण प्रीस्ट रिव्हरच्या धावपट्टीशेजारचे बारीक आकडे मला झोपेतून उठवलंत तरी सांगता येतील. विमानतळाच्या नावाखाली पहिला आकडा समुद्रसपाटीपासूनची उंची, मग दिव्यांचा 'एल', मग सगळ्यात लांब धावपट्टी शेकड्यांत. हे वाचायला लागणारी खुणांची सूची, म्हणजे लेजंड, पुस्तिकेच्या सुरुवातीलाच दिलेली असते. ती आहे हेच कित्येकांना माहीत नसतं.

पण लेजंडवर किती भिस्त ठेवायची यालाही मर्यादा आहे. विमानतळांभोवतीच्या नियंत्रित आकाशाचे वर्ग असतात. सलग निळी रेघ म्हणजे क्लास बी, सलग किरमिजी म्हणजे क्लास सी, तुटक निळी म्हणजे डी, हे लेजंड सांगतं. त्या रेघेच्या आत शिरण्याआधी काय करायचं ते सांगत नाही. बीमध्ये शिरायला एअर ट्रॅफिक कंट्रोलकडून स्पष्ट शब्दांत परवानगी लागते. सी आणि डीमध्ये दुतर्फा संपर्क झाला, म्हणजे कंट्रोलरने तुमच्या विमानाचं नाव घेऊन उत्तर दिलं, की पुरे. बीच्या मुख्य विमानतळापासून ३० मैलांच्या आत ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला उत्तर देणारं यंत्र, हवाच. हे नकाशावर शोधत बसलात तर वेळ जाईल आणि हाती काही लागणार नाही. माझ्या वाटणीत खूण 'तिथे मिळेल'च्या ढिगात गेली आणि खुणेमागचा नियम डोक्यात.

अंतर मोजायचं ते आणखीच वेगळं. घरी सप्लिमेंट छापून प्लॉटरने अंतर मोजलं तर उत्तर कधी पर्यायांशी जुळेना. प्लॉटरची पट्टी १ : ५,००,००० या प्रमाणासाठी आखलेली असते आणि घरचा प्रिंटर पान कागदावर बसवायला ते गुपचूप लहान करतो. इन्स्ट्रक्टरने उपाय सांगितला तो मी आजही वापरते. पट्टीवरचे मैल बघायचेच नाहीत. दोन गावांमधलं अंतर कागदाच्या कडेवर पेन्सिलीने टिपायचं आणि तो कागद नकाशातल्या उभ्या रेषेवर ठेवायचा. उभ्या रेषेवरची प्रत्येक बारीक खूण म्हणजे अक्षांशाचं एक मिनिट, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल. नकाशा आक्रसला तर खुणाही तेवढ्याच आक्रसतात, म्हणून हे माप कधी दगा देत नाही. फक्त आडव्या रेषेवर मोजायचं नाही. कोर डलेन ४८ अंश उत्तरेच्या आसपास आहे, तिथे रेखांशाचं एक मिनिट जेमतेम दोन-तृतीयांश मैलाचं असतं.

आता चकती. ई-६बी असं तिचं नाव. दिसायला जुन्या टेलिफोनच्या डायलसारखी गोल, पण मुळात स्लाइड रूल. पुढच्या बाजूला वेळ, वेग, अंतर, इंधन. ९६ नॉटला, म्हणजे ताशी ९६ नॉटिकल मैलांना, बाण लावला की बाहेरच्या कडेवर ४८ मैलांखाली ३० मिनिटं वाचता येतात, बटण नाही, बॅटरी नाही. मागच्या बाजूला वाऱ्याचं गणित. मधल्या पारदर्शक गोलावर पेन्सिलीने टिंब काढायचं, गोल फिरवायचा, पट्टी सरकवायची आणि नाक वाऱ्याकडे किती अंश वळवायचं ते वाचायचं. आमच्या क्लबात बरेच जण इलेक्ट्रॉनिक यंत्र घेतात. तेही चालतं. पण मी चकतीच्या बाजूची. कारण साधं आहे. वर सांगितलेला नियम पुन्हा बघा, छापील मजकुराला पूर्ण मुभा आहे. माझ्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर वाऱ्याचं गणित सोडवायच्या पायऱ्या क्रमाने छापलेल्या आहेत, स्टॅच्यूट (जमिनीवरचे साधे) आणि नॉटिकल मैल, गॅलन आणि पौंड यांच्या खुणा कडेवर आहेत. स्वस्तातल्या पुठ्ठ्याच्या चकतीवर छपाई वेगळी, काहींवर पायऱ्या नसतातच. म्हणून चकती विकत घेताना तिची किंमत आणि धातू बघण्याआधी तिच्यावर काय छापलंय ते वाचावं, हा माझा प्रामाणिक सल्ला. परीक्षेत कायदेशीरपणे नेता येणारा तेवढाच एक कागद आहे, फक्त तो ॲल्युमिनियमचा आहे.

उरलेलं डोक्यात ठेवायला मी मराठीचा आधार घेतला. इथले लोक व्हेरिएशनसाठी, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतल्या फरकासाठी, इंग्रजी यमक म्हणतात, पूर्व कमी, पश्चिम जास्त अशा अर्थाचं. मला ते ऐन वेळी उलटंच आठवे. मग मी 'पूर्व वजा, पश्चिम जमा' असं करून टाकलं आणि ते पक्कं बसलं. नकाशावरून मोजलेला कोर्स, म्हणजे जायची दिशा, ३४५ आणि व्हेरिएशन पूर्वेला १५ असेल, तर वजा, चुंबकीय कोर्स ३३०. तीन हजार फुटांच्या वर उडताना कुठली उंची धरायची त्यासाठी 'पूर्वेला विषम, पश्चिमेला सम, वर पाचशे'. पूर्वेकडे जाताना ५५००, पश्चिमेकडे ४५००. ढगांपासून किती लांब राहायचं ते आकडे मात्र कशातच बसेनात. तीन मैल दृश्यमानता, ढगाच्या १००० फूट वर, ५०० खाली, २००० बाजूला. दहा हजार फुटांच्या वर गेलं की पाच मैल, हजार खाली, हजार वर, एक मैल बाजूला. हे मी तीन-एकशे-बावन्न आणि पाच-एकशे-अकरा असे घराचे नंबर असावेत तसे पाठ केले. भांडी घासताना म्हणायचे. नवऱ्याला तीन-एकशे-बावन्न अजून पाठ आहे, त्याचा उपयोग काय हे मात्र त्याला ठाऊक नाही.

हवामानाच्या संकेतलिपीला तर कुठेच आधार मिळत नाही. पुस्तिकेत संदेश छापलेले असतात, उलगडा छापलेला नसतो. उंचावरच्या वाऱ्यांच्या तक्त्यात ७३१९६० असा आकडा दिसतो. पहिले दोन आकडे दिशेचे, दहा-दहा अंशांत मोजलेले, पुढचे दोन वेगाचे, शेवटचे दोन तापमानाचे. पण ७३ ही दिशा असूच शकत नाही, वर्तुळ ३६ लाच संपतं. दिशा ३६ च्या वर गेली की समजायचं वारा शंभर नॉटच्या वर आहे. ७३ मधून ५० काढायचे, उरले २३, म्हणजे २३० अंश. १९ मध्ये १०० मिळवायचे, ११९ नॉट. आणि तेवढ्या उंचीवर तापमान नेहमीच शून्याखाली म्हणून वजाचं चिन्ह न लिहिता नुसतं ६०. कुणाच्या तरी डोक्यातून टेलिप्रिंटरच्या काळात अक्षरं वाचवायला निघालेली युक्ती, ती आम्ही २०२२ मध्ये घोकतोय. मला राग आला नाही असं नाही. फोनवर हेच वारे नकाशावर बाण काढून दाखवतात. पण एकदा जमलं की त्या आकड्यात एक नजाकत आहे हेही खरं.

माझा भाचा बारामतीला फ्लाइंग शिकतो. त्याला व्यावसायिक लायसन्ससाठी डीजीसीएचे, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचे, पेपर द्यायचे होते, एअर रेग्युलेशन्स, एअर नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी, टेक्निकल, प्रत्येकाला वेगळे ७० टक्के. मी त्याला सप्लिमेंटबद्दल सांगितलं तर तो फोनवर ओरडलाच, "मावशी, तुला परीक्षेत पुस्तक देतात? आणि वर तू तक्रार करतेस?" मी म्हटलं, अरे ते पुस्तक म्हणजे नुसती चित्रं आहेत. तो म्हणाला, "चित्रं तर चित्रं, दे पाठवून." व्यावसायिक लायसन्सच्या मुलांचा अभ्यास आमच्यापेक्षा कितीतरी पट खोल, हे मला मान्यच आहे. पण त्याच्याशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली की दोघांनाही एकच सवय लागली होती, प्रश्नसंच घोकायची. इथे एफएए परीक्षेतले चालू प्रश्न छापत नाही, फक्त नमुन्याचे देते. तरी ॲपवाल्यांकडे जुन्या प्रश्नांचे ढीग आहेत. शंभरदा तोच प्रश्न सोडवला की आपल्याला आलेख वाचता येत नाही, उत्तराचा चेहरा ओळखता येतो. शेवटच्या पंधरवड्यात मी ॲप बंद केलं आणि सप्लिमेंटमधल्या प्रत्येक आलेखावर स्वतःच आकडे घालून गणितं केली. हे कंटाळवाणं होतं. पण परीक्षेत आलेल्या आकड्यांना घाबरायचं कारण उरलं नाही.

परीक्षेचं केंद्र एका ऑफिसच्या इमारतीत होतं. फोटो असलेलं ओळखपत्र, एफएएकडे नोंदवलेला माझा ट्रॅकिंग नंबर, इन्स्ट्रक्टरच्या सहीचं शिफारसपत्र हे सगळं आधी तपासलं. शिफारसपत्राशिवाय बसूच देत नाहीत. फोन, घड्याळ, पर्स लॉकरमध्ये. मग पर्यवेक्षक बाईंनी माझी पिशवी टेबलावर ओतली. प्लॉटर उजेडात धरून दोन्हीकडून पाहिला. कोरा फ्लाइट लॉग उलटून पाहिला, मागे काही लिहिलंय का. चकतीच्या कव्हरमध्ये घडी घालून ठेवलेला माहितीचा कागद बाहेर काढून लॉकरकडे बोट दाखवलं. मग चकती हातात घेतली आणि तिच्यावरचा छापील मजकूर ओठ हलवत सावकाश वाचायला लागल्या. पायऱ्या एक ते शेवटपर्यंत.

"यावर तर सूत्रं लिहिलेली आहेत," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "छापलेली आहेत. कंपनीने."

त्यांनी अंगठ्याच्या नखाने अक्षरं खरवडून बघितली. निघाली नाहीत. मग चकती उलटी केली आणि गोलावर माझ्या आदल्या दिवशीच्या सरावाचं पुसट टिंब दिसलं. "हे कंपनीचं नाही," त्या म्हणाल्या आणि खोडरबर पुढे केला. मी टिंब पुसलं. तेवढ्यावर त्यांनी भिंतीवरच्या यादीत बोट फिरवून नियम स्वतः वाचला, मान हलवली आणि चकती परत दिली. माझ्या आधीच्या मुलाकडे इलेक्ट्रॉनिक यंत्र होतं. मेमरी कशी पुसतात ते त्याला आठवेना, आणि त्याची माहितीपुस्तिका तर आत नेता येत नाही. शेवटी त्याला केंद्राचा साधा कॅल्क्युलेटर घेऊन जावं लागलं. नियम कागदावर कितीही स्वच्छ असला तरी तो लागू करणारा माणूस समोर बसलेला असतो, आणि शंका आली तर निर्णय त्याचा. म्हणून ज्याबद्दल वाद होऊच शकत नाही अशीच वस्तू न्यावी.

आत कच्चे कागद, पेन्सिल, सप्लिमेंट आणि तिच्यावर ठेवून रेघा मारायला पारदर्शक प्लास्टिकचा कागद दिला. पुस्तिकेवर खूण करायची नाही. परीक्षा सुरू करायचं बटण दाबायच्या आधी कागदावर काही लिहायचं नाही, हे मी विचारून घेतलं. बटण दाबल्यावर मात्र पहिला प्रश्न न वाचताच डोक्यातला ढीग कागदावर उतरवला. दोन्ही घरांचे नंबर, पूर्व वजा पश्चिम जमा, टॉवरच्या दिव्यांचे रंग आणि त्यांचे अर्थ, पेट्रोल गॅलनला ६ पौंड, वर जाताना तापमान दर हजार फुटांना २ अंश सेल्सिअस कमी. टॉवरचा दिवा हे काय प्रकरण, तर रेडिओ बंद पडला की टॉवरमधून रंगीत दिवा दाखवतात. हवेत असताना हिरवा स्थिर म्हणजे उतरा, लाल स्थिर म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा, लाल उघडझाप म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नका. हे लिहून झाल्यावर कागद म्हणजे माझंच पुस्तक झालं, फक्त आत आल्यावर लिहिलेलं. निघताना तो त्यांनी काढून घेतला.

नंतरचा वेळ घाईचा नव्हता. अडीच तास पुरून उरले. नकाशाच्या प्रश्नांना सगळ्यात जास्त वेळ गेला, तोही मोजायला कमी आणि आडव्या-उभ्या रेषा प्लास्टिकखाली सरकू नयेत म्हणून बोटांनी दाबून धरायला जास्त. पास झाले. हातात आला तो गुणांचा कागद, आणि खाली चुकलेल्या प्रश्नांच्या विषयांचे संकेत. प्रश्न कोणता ते सांगत नाहीत, फक्त हवामान, एअरस्पेस, विमानाची कामगिरी अशा विषयांचे क्रमांक. इन्स्ट्रक्टरने त्या क्रमांकांवर मला पुन्हा शिकवल्याची सही लागते. हा कागद २४ महिने चालतो, तेवढ्यात उड्डाणाची परीक्षा द्यायची, नाहीतर रिटन पुन्हा.

उड्डाणाच्या परीक्षेआधी एक तोंडी असते. तिथे ती रंगीत पट्ट्यांची एफएआर-एआयएम टेबलावर आली. परीक्षकांनी गुणांचा कागद बघून संकेतांवरूनच सुरुवात केली. विमानाच्या वार्षिक तपासणीच्या कागदपत्रांबद्दल विचारलं तेव्हा मी पुस्तकाकडे हात नेला, तर म्हणाले, "उघड, पण आधी सांग कुठल्या भागात सापडेल." मी ९१ सांगितलं आणि मग पान काढलं. त्यांना तेवढंच हवं होतं. ढगांपासूनचं अंतर विचारलं तेव्हा मात्र पुस्तकावर त्यांनी स्वतःचा हात ठेवला. ढग समोर आल्यावर पान शोधायला सवड मिळणार नाही, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. रिटनबद्दल माझी जी चिडचिड होती ती या तोंडी परीक्षेने निम्मी केली, निम्मी अजून आहे. वाऱ्याचे ते सहा आकडी संकेत आता तरी परीक्षेतून काढून टाकावेत असं माझं ठाम मत आहे.

भाच्याला सप्लिमेंटची लिंक पाठवली आहे. त्याच्या पेपरांना ती थेट उपयोगाची नाही, पण आलेख वाचायचा सराव होईल म्हणाला. छापताना 'फिट टू पेज' बंद कर, एवढं मात्र त्याला दोनदा लिहिलं.